यंत्राधीन रुग्णाचा घास

घरातले माणूस अंथरुणाला खिळले की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती औषधाची नव्हे, अन्नाची. “काही पोटात गेले का?” असे विचारल्यावाचून समाचारास आलेला पाहुणा खाली बसत नाही. प्रांत बदलतो तशी भाषा बदलते. कोठे पेजेची चौकशी होते, कोठे कांजीची, तर कोठे पातळ खिचडीची. प्रश्न मात्र तोच राहतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या कुटुंबाच्या मनातही तोच प्रश्न दिवसरात्र घोळत असतो. फक्त तेथे तो विचारण्याचा धीर होत नाही. आत रुग्ण बेशुद्ध आहे, त्याच्या घशात नळी आहे, त्याची छाती यंत्राच्या तालावर खालीवर होत आहे. त्याने शेवटचा घास घेतला त्याला चार दिवस लोटले. मग तो उपाशी आहे काय? आणि उपाशी असेल, तर आजारातून वाचून तो उपासाने तर जाणार नाही ना?

वाचकहो, हा प्रश्न भाबडा नाही. थोर शास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्ये वेचली आहेत आणि त्याच्या उत्तरात वैद्यकशास्त्राला वारंवार दुरुस्ती करावी लागली आहे. अशी वेळ कोणावर येऊ नये. परंतु आली, तर आपल्या माणसाच्या पोटाची काळजी आत कोण व कशी वाहत आहे हे ठाऊक असावे, म्हणून या वेळच्या सदरात हा विषय घेतला आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘लाइफ सपोर्ट’ या संज्ञेला आपल्याकडे ‘जीवरक्षक प्रणाली’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो ऐकून, यंत्रच रुग्णाला बरे करते असा समज सहज होतो. मूळ शब्दातील भाव मात्र ‘आधार’ एवढाच आहे. श्वासयंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, फुप्फुसांना बरे करीत नाही. त्यांचे काम तेवढ्यापुरते आपल्या अंगावर घेते. डायलिसिसचे यंत्र मूत्रपिंडाची डागडुजी करीत नाही. ते मूत्रपिंडाऐवजी रक्त गाळते. एक्मो नावाचे यंत्र रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळते व ते परत आणून सोडते. ही सर्व यंत्रे रुग्णाला वेळ मिळवून देतात. त्या मिळालेल्या वेळात झीज भरून काढण्याचे काम शरीरालाच करावे लागते, आणि त्यासाठी लागणारी सामग्री अन्नाखेरीज दुसरीकडून येत नाही.

सलाईन म्हणजे जेवण नव्हे

“सलाईन चालू आहे, तेव्हा पोटाची चिंता नाही,” असे आपण पुष्कळदा ऐकतो. ही समजूत मनातून काढून टाकली पाहिजे. साधे सलाईन म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. त्यात एकही कॅलरी नाही. ग्लुकोजची पाच टक्क्यांची एक लिटर बाटली घेतली, तरी तिच्यात साखर असते पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी जेवढी शक्ती देईल, साधारण तेवढीच त्या संपूर्ण बाटलीत असते. आणि भाकरीत निदान थोडी प्रथिने असतात, बाटलीत तीही नसतात. या बाटल्या शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल राखण्यासाठी असतात. ते काम मोलाचे आहे, पण त्याला आहार म्हणता येत नाही.

मग रुग्णाचे चालते कशावर? काही काळ त्याच्या स्वतःच्या शरीरावर. निरोगी माणूस उपास करतो तेव्हा त्याचे शरीर काटकसरीने वागते. साठवलेली चरबी हळूहळू वापरून ते स्नायूंना शक्य तेवढे जपते. गंभीर आजारात ही काटकसर मोडते. ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन या शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीची बारकाईने तपासणी केली. तीतून नत्र इतक्या मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होते की ते केवळ मोडलेल्या जागेतून येणे शक्य नव्हते. सगळ्या शरीराचे स्नायू वितळून ते येत होते. दुखापत पायाला आणि झीज सर्वांगाला, असा हा प्रकार होता.

ही झीज किती वेगाने होते हे अलीकडे प्रत्यक्ष मोजता आले आहे. लंडनमधील संशोधकांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची मापे ध्वनिलहरींच्या यंत्राने घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार पहिल्या दहा दिवसांतच तो स्नायू सरासरीने १७ टक्क्यांहून अधिक रोडावला होता. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते त्यांची झीज याहूनही जास्त होती. जो स्नायू मांडीत आटतो तोच छातीच्या पडद्यातही आटतो. म्हणूनच यंत्र काढण्याची वेळ येते तेव्हा स्वतःचा श्वास स्वतः ओढण्याचे बळ काही रुग्णांत उरलेले नसते.

वाट शोधण्याचा इतिहास

गिळता न येणाऱ्या माणसाला अन्न कोणत्या वाटेने द्यावे, हा प्रश्न जुना आहे. १७९० च्या सुमारास लंडनचे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्यापुढे घशाचे स्नायू लुळे पडलेला एक रुग्ण आला. हंटर यांनी एका लवचीक सळईवर वाम माशाची ताजी कातडी चढविली आणि ही नळी त्याच्या जठरापर्यंत नेली. तीतून फेटलेली अंडी, दूध, साखर असे पातळ पदार्थ दिले. काही आठवड्यांत त्या माणसाला पुन्हा गिळता येऊ लागले. आज नाकातून जठरात जाणारी जी मऊ नळी आपण रुग्णालयांत पाहतो आणि इंग्रज वैद्य जॉन राइल यांच्या नावावरून जिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतो, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाही.

प्रत्येक प्रयत्न मात्र असा फळाला आला नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतर ७९ दिवस ते झुंजत होते. तोंडाने घेतलेले अन्न टिकेना, तेव्हा वैद्यांनी मांसाचा अर्क व अंडी यांसारखे पदार्थ गुदद्वारावाटे देण्याचा मार्ग धरला. त्या काळी तो सर्वमान्य होता. परंतु मोठ्या आतड्याला प्रथिने शोषून घेता येत नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या सेवेला वैद्यांचा ताफा उभा होता, आणि जखमेतील पुवाबरोबरच उपासमारही त्यांचे शरीर पोखरीत होती. अन्न शरीरात घातले म्हणजे ते शरीराला मिळालेच असे नव्हे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

श्वासयंत्रावरील शुश्रूषेचे आजचे पर्व सुरू झाले ते १९५२ मध्ये, डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे. पोलिओच्या भीषण साथीत श्वास घेण्याची व गिळण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णांच्या मानेला छिद्र पाडून तेथे नळी बसविण्याचा मार्ग बियॉर्न इब्सेन यांनी दाखविला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशवी दाबून, त्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे श्वास पुरविला. श्वासाची सोय झाल्यावर अन्नाचा प्रश्न ओघानेच पुढे आला. कारण आता रुग्ण दिवसांऐवजी महिने जगू लागले होते.

ज्यांचे आतडेच चालत नाही त्यांचे काय, हा प्रश्न तरीही उरला. साखरेचे दाट पाणी हाताच्या बारीक शिरेत सोडले तर शीर सुजते, आणि पातळ पाण्याने भूक भागविण्याइतके द्यावे तर शरीर पाण्याने फुगते. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल व अंड्यातील स्निग्धांश यांपासून शिरेतून निर्धोकपणे देता येईल असे दुधासारखे मिश्रण १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी सिद्ध केले. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे सहकारी यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेची वाट धरली. मोठ्या शिरेत रक्ताचा लोंढा एवढा असतो की दाट द्रावण क्षणात विरघळून जाते. केवळ या वाटेने पोसलेली कुत्र्याची पिल्ले व्यवस्थित वाढतात, हे त्यांनी दाखवून दिले. आतड्याचा बहुतेक भाग निकामी असलेले एक अर्भकही या पद्धतीने वाढविता आले. हे वृत्त १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तोंड व पोट या दोहोंना वगळूनही माणसाला पोसता येते, ही गोष्ट प्रथमच सिद्ध झाली.

पोटाची वाट पहिली

आज या दोन्ही वाटा अतिदक्षता विभागात उपलब्ध आहेत. त्यांतील पहिली पसंती पोटाच्या वाटेला दिली जाते. आतडे ही नुसती अन्न शोषणारी नळी नाही. रोगजंतूंना रक्तात शिरू न देणारी ती एक तटबंदी आहे, आणि शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा भाग तिच्या आश्रयाने राहतो. अन्नाचा स्पर्श बंद झाला की ही तटबंदी ढिली पडू लागते. म्हणून रक्तदाब स्थिरावला की पहिल्या २४ ते ४८ तासांत नळीवाटे थोडे थोडे अन्न सुरू करावे, असा आजचा सर्वसाधारण नियम आहे. आरंभी ताशी दहा ते वीस मिलिलिटर, म्हणजे दोन ते चार चहाचे चमचे, इतकेच दिले जाते. ते पाहून नातेवाइकांना वाईट वाटते. पण तेवढ्याने पोट भरावयाचे नसते. आतड्याला जागे ठेवावयाचे असते.

रक्तदाब घसरलेला असेल व तो सावरण्यासाठी औषधांचे प्रमाण वाढवावे लागत असेल, तर मात्र वैद्य थांबतात. अशा वेळी आतड्याला मुळात रक्तच कमी पोहोचते. त्याच्यावर अन्न पचविण्याचा भार टाकला तर ते सडण्याचा धोका असतो. ‘आज फीड बंद ठेवले आहे’ हे शब्द अशा प्रसंगी कानी येतात. त्याचा अर्थ रुग्णाकडे दुर्लक्ष झाले असा घेऊ नये.

पोटाची वाट अनेक दिवस बंदच राहिली किंवा तिने पुरेसे अन्न जाईना, तर शिरेची वाट उघडली जाते. ती खर्चाची आहे आणि जंतुसंसर्गाचे भय तेथे अधिक असते. परंतु जेथे दुसरा उपाय नाही तेथे ती खरोखर जीव वाचविते.

किती द्यावे?

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येऊ. एक उदाहरण घेऊ. रुग्णाचे वजन साठ किलो आहे. आजाराचा पहिला तडाखा ओसरल्यावर दर किलोमागे दिवसाला सुमारे २५ कॅलरी धरल्या तर १,५०० कॅलरी होतात. प्रथिने दर किलोमागे १.३ ग्रॅम धरली तर ती होतात ७८ ग्रॅम. नळीवाटे देण्याच्या तयार अन्नाच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा एक कॅलरी असते. तेव्हा चोवीस तासांत दीड लिटर, म्हणजे ताशी सुमारे ६२ मिलिलिटर, असा हिशेब निघतो. हे मुक्कामाचे ठिकाण झाले. पहिल्याच दिवशी तेथे पोहोचण्याची घाई मात्र करावयाची नसते.

एके काळी ती घाई केली जात असे. स्नायू झिजतात, तेव्हा भरपूर द्या, हा विचार सरळ व समंजस वाटतो. परंतु आजाराच्या पहिल्या दिवसांत यकृत स्वतःच स्नायू व चरबी यांतून साखर बनवून रक्तात ओतीत असते, आणि बाहेरून अन्न दिले तरी ते आपले काम थांबवीत नाही. बाहेरची साखर आतल्या साखरेत मिळून जादा होते. जादा साखर जाळताना कर्बवायू अधिक निर्माण होतो व तो बाहेर टाकण्याचे ओझे दुबळ्या फुप्फुसांवर पडते. पुरेसे खाऊ घालण्याच्या मायेनेच यंत्र सुटण्याचा दिवस लांबू शकतो.

हा नुसता तर्क नाही. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पोटाने कमी पडलेले अन्न शिरेतून लगेच भरून काढण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेले रुग्ण लवकर बरे झाले व त्यांना जंतुसंसर्गही कमी झाला. फ्रान्समध्ये श्वासयंत्रावर असलेल्या व रक्तदाब घसरलेल्या ३,०४४ रुग्णांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आठवड्यात एका गटाला दर किलोमागे २५ कॅलरी व दुसऱ्याला अवघ्या सहा कॅलरी देण्याचे ठरले होते. नव्वद दिवसांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. उलट कमी अन्न मिळालेले रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर पडण्यास थोडे आधी सिद्ध झाले व त्यांना उलट्या आणि जुलाब कमी झाले. प्रथिनांचीही तीच कथा. सोळा देशांतील रुग्णांना नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रथिने देऊन पाहिली, तेव्हा लाभ दिसला नाही, आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली होती त्यांना अपायच झाला असावा असे २०२३ च्या त्या अहवालातून दिसले.

याचा अर्थ उपास हेच औषध असा कोणी काढू नये. अर्थ इतकाच की गंभीर आजाराच्या आरंभी शरीराची अन्न स्वीकारण्याची ताकद कमी असते. ती दिवसागणिक वाढते, आणि आहारही तिच्या पावलांनी वाढवावा लागतो. युरोपातील आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना पहिल्या आठवड्यात गरजेच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच कॅलरी देऊन पुढे वाढवीत न्यावे असे सांगतात. पहिल्या आठवड्यातील भरमार जशी वाईट, तशीच तिसऱ्या आठवड्यातील टंचाईही वाईट.

आधीपासून उपाशी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या हाडांच्या सापळ्यांना लोकांनी दयेने पोटभर जेवू घातले, आणि त्यांपैकी काही जण त्या जेवणानेच दगावले. उपाशी शरीरात साखर एकदम शिरली की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात, बी-१ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठा संपतो, आणि हृदय व श्वासाचे स्नायू बंद पडू लागतात. आपल्या चरकसंहितेत शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर आहार कसा वाढवावा याचा ‘संसर्जनक्रम’ सांगितला आहे. प्रथम पातळ पेया, मग दाटसर विलेपी, मग कढण, आणि अखेरीस नेहमीचे जेवण, अशी ती पायरी आहे. कारणमीमांसा त्या काळची वेगळी होती, परंतु दुबळ्या शरीराला अन्न बेताबेताने द्यावे हे शहाणपण तेच होते.

यंत्रे आणि आहार

प्रत्येक यंत्र व त्याबरोबरचे औषध या हिशेबात आपली नोंद घालते. श्वासयंत्रावरील रुग्णाला झोपवून ठेवण्यासाठी पुष्कळदा प्रोपोफोल नावाचे दुधाळ औषध देतात. त्याचा दुधाळपणा तेलाचा असतो. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १.१ कॅलरी असते. ते ताशी दहा मिलिलिटर चालू असेल, तर दिवसाला अडीचशेहून अधिक कॅलरी औषधातूनच जातात आणि तेवढ्या आहारातून वजा कराव्या लागतात. डायलिसिसचे यंत्र अहोरात्र चालू असले तर विषारी द्रव्यांबरोबर प्रथिनांचे घटकही गाळून टाकते. ही गळती दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमपर्यंत जाते. त्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात. अशा रुग्णाची प्रथिने वाढवावी लागतात. एक्मोवरील रुग्णालाही बहुधा पोटाच्या वाटेने अन्न देता येते. मात्र शिरेतून दिलेला स्निग्धांश यंत्राच्या पडद्यावर साचत तर नाही ना, यावर नजर ठेवावी लागते. म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाला दिवसाला दोन लिटर व आपल्या माणसाला एकच लिटर, अशी तुलना करून मन कष्टी करू नये.

दाराबाहेरच्या मंडळींसाठी

आता कुटुंबाने काय करावे ते पाहू. करण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट माहिती देण्याची. रुग्णालयात येण्यापूर्वी किती दिवस रुग्णाचे खाणे कमी झाले होते? गेल्या काही महिन्यांत वजन उतरले होते काय? मद्याचे व्यसन होते काय? मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी? रुग्ण शाकाहारी आहे काय, त्याने एखादा पदार्थ व्रत म्हणून सोडला आहे काय? ही उत्तरे कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. ती केवळ आपणच देऊ शकता. संकोचामुळे व्यसन लपविले, तर बी-१ जीवनसत्त्व आधी देण्याची सावधगिरी राहून जाण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट, काय करू नये याची. रुग्णाच्या तोंडात तीर्थ, गंगाजल, मध किंवा चमचाभर नारळपाणी कोणाच्याही नकळत घालू नये. ज्याला गिळता येत नाही त्याच्या घशातील थेंब अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेकडे उतरतो, आणि फुप्फुसात पोहोचलेला तो थेंब न्यूमोनियाचे बीज ठरतो. श्रद्धेचा मान राखावयाचा असेल तर तीर्थ कपाळाला लावावे. ओठ ओलावणे चालेल काय, हे परिचारिकेस विचारावे. त्याचप्रमाणे रुग्णाच्या खाटेची उशाकडील बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवलेली असते, ती ‘अवघडून बसला आहे’ असे वाटून खाली करू नये. जठरातील अन्न घशाकडे उलटू नये म्हणून ती योजना असते.

तिसरी गोष्ट घरच्या अन्नाची. “आम्ही घरून वरणाचे पाणी आणतो, ते नळीतून घाला,” अशी विनंती आपल्याकडे नेहमी केली जाते. ती मायेपोटी असते आणि अनेकदा पैशांच्या ओढीपोटीही असते, कारण तयार अन्नाचे डबे महाग पडतात. तरीही अडचण समजून घ्यावी. नळीतून उतरावे म्हणून पातळ केलेल्या वरणात पाणीच अधिक उरते, त्यात नेमके किती काय आहे हे सांगता येत नाही, कण राहिले तर नळी तुंबते, आणि उष्ण हवेत तासाभरात त्यात जंतू वाढू लागतात. यासाठीच भारतातील अतिदक्षता वैद्यकाच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत स्वयंपाकघरातील वाटलेल्या अन्नापेक्षा शास्त्रीय रीतीने तयार केलेल्या अन्नाला प्राधान्य दिले आहे. खर्च झेपत नसेल तर तसे आहारतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावे. अनेक रुग्णालयांची स्वतःची पाकगृहे ताजे, मोजून केलेले व गाळलेले अन्न पुरवितात. गुपचूप आणलेल्या डब्यापेक्षा ते कितीतरी निर्धोक असते.

चौथी गोष्ट विचारण्याची. तपासणीसाठी नेताना, शस्त्रक्रियेपूर्वी, नळी बदलताना आहार थांबवावा लागतो, आणि कधी कधी तो पुन्हा सुरू करण्यास उशीर होतो. अशा तुकड्या-तुकड्यांनी, लिहून दिलेल्या आहाराचा मोठा भाग प्रत्यक्ष पोहोचतच नाही. म्हणून भेटीच्या वेळी वैद्यांना नम्रपणे दोनच प्रश्न विचारावेत: “काल किती द्यावयाचे ठरले होते? आणि किती गेले?” या प्रश्नांत अविश्वास नाही; आस्था आहे, आणि चांगला वैद्य त्यांचे स्वागतच करील.

एक अवघड गोष्टही येथे सांगितली पाहिजे. काही वेळा आजार अशा टप्प्यावर येतो की उपचारांनी बरे होण्याची आशा उरत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत उपचार कोठवर न्यावेत यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मार्ग आखून दिला व २०२३ मध्ये तो अधिक सुलभ केला. त्या अखेरच्या काळात शरीर अन्न स्वीकारीत नाही, भूक मावळते. तेव्हा अन्नाचे प्रमाण कमी झाले तर ‘आम्ही आपल्या माणसाला उपाशी ठेवले’ असा सल कुटुंबाने मनात बाळगू नये. अन्न बंद झाल्यामुळे प्राण जात नसतो. प्राण जाऊ लागल्यामुळे अन्न नकोसे झालेले असते. ओठ ओले ठेवणे, हात हातात घेणे, वेदना होऊ न देणे, हीच त्या वेळची सेवा.

यंत्र सुटल्यानंतर

सुदैवाने अनेक रुग्ण यंत्रावरून परत येतात, आणि मग कुटुंबाचे खरे काम सुरू होते. घशातील नळी निघाल्याच्या आनंदात लगेच पाण्याचा पेला पुढे करू नये. अनेक दिवस नळी राहिल्याने गिळण्याची क्रिया मंदावलेली असते व खोकून घसा मोकळा करण्याचे भानही कमी झालेले असते. रुग्णाला नीट गिळता येते काय, हे तपासल्यावरच वैद्य तोंडाने देण्यास अनुज्ञा देतात. पुष्कळदा पाण्यापेक्षा दाटसर पदार्थ आधी सोपा जातो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु पाणी झरकन घसरते, आणि दाट घास सावकाश उतरतो.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे अन्नाची चव लागत नाही, दोन घासांत पोट भरल्यासारखे होते, जिना चढताना मांड्या थरथरतात. अशा वेळी मोठे ताट वाढून आग्रह करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे, आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिनांचा काही अंश असू द्यावा. मुगाचे दाट कढण, दही, पनीर, अंडे, मासे, दाण्याचे कूट घातलेली खिचडी, जे त्या घरात चालते व रुग्णाला रुचते ते द्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण वैद्यांकडून ठरवून घ्यावे. आणि जेवणाइतकेच चालणेही आवश्यक आहे. स्नायूला काम दिले नाही तर खाल्लेले अन्न चरबी होऊन बसते. खाटेपासून खिडकीपर्यंतची दहा पावले त्याच अन्नाचा स्नायू बनवितात. हे भरून येण्यास महिने लागतात. तोवर धीर सोडू नये.

वाचकहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. यंत्रावर असलेला आपला माणूस उपाशी नाही. त्याचा घास कोणीतरी वजनावरून मोजला आहे, औषधातील तेल त्यातून वजा केले आहे, नळी जागेवर असल्याची क्ष-किरणांनी खात्री करून घेतली आहे, आणि तासाला किती थेंब द्यावयाचे ते ठरविले आहे. तो घास लहान आहे, कारण आज त्याला तेवढाच झेपतो. उद्या तो वाढेल. आपण दाराबाहेर बसून दोन कामे अवश्य करावीत. आत विचारावयाचे ते निःसंकोच विचारावे, आणि आपला स्वतःचा डबा वेळेवर उघडून जेवावे. रुग्ण घरी परतेल तेव्हा त्याला उठवावयाला, चालवावयाला, भरवावयाला धडधाकट हात लागणार आहेत.